पिल्लू बाग उकरतंय? आधी खड्डे नीट बघा

पिल्लाचं उकरणं कायमचं बंद करायचं असं ठरवून कामाला लागलात, तर दमाल ते तुम्हीच. वास घेणं, कुरतडणं, पळणं जितकं कुत्र्याच्या रक्तात आहे तितकंच उकरणंही. काही जातींत तर माणसानेच पिढ्यानपिढ्या निवड करून ते पक्कं केलंय. डॅशहुंड घडवला गेला तो बिळात शिरून बॅजर या बिळात राहणाऱ्या प्राण्याची शिकार करण्यासाठी, आणि बऱ्याचशा टेरियर जाती उंदीर, कोल्हे असल्या प्राण्यांना बिळातून बाहेर काढण्यासाठी. हस्की बर्फात खळगा करून त्यात वेटोळं घालून झोपतो. असल्या घराण्यातलं पिल्लू तुमच्या गुलाबाच्या मुळाशी माती उडवायला लागलं, तर ते वांड निघालंय असं समजू नका.

आपल्या हातात दोन गोष्टी असतात. त्याने कुठे उकरायचं हे आपण ठरवू शकतो, आणि ज्या कारणाने ते उकरतंय ते कारण बरंचसं कमी करू शकतो. पण कारण कोणतं हे आधी कळायला हवं, आणि ते खड्ड्याकडे बघूनच कळतं. बहुतेक लोक ही पायरी गाळतात, थेट जाळी नाहीतर फवारा आणायला धावतात आणि मग ‘काहीच उपयोग होत नाही’ म्हणतात.

पायरी १: खड्डे वाचायला शिका

पहिले चार-सहा दिवस उपाय करूच नका. (विषारी वस्तू तेवढ्या लगेच उचला, त्याबद्दल पुढे सांगतो.) प्रत्येक खड्ड्याची नोंद करा: कुठे आहे, किती खोल आहे, दिवसाच्या कुठल्या वेळी उकरला, आणि त्या वेळी तुम्ही कुठे होतात. शेवटचा प्रश्न फालतू वाटेल, पण पुष्कळदा उत्तर त्यातच असतं.

झाडाखाली किंवा भिंतीच्या सावलीत उथळ, साधारण पिल्लाच्या अंगाएवढा खळगा असेल आणि पिल्लू त्यात पोट टेकून पसरत असेल, तर त्याला गारवा हवाय. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. तो धापा टाकूनच मुख्यतः अंग थंड ठेवतो, घाम येतो तो जवळजवळ फक्त पंजांच्या गाद्यांना. वरची तापलेली माती बाजूला केली की खालची गार लागते, हे पिल्लाला कोणी शिकवावं लागत नाही. असे खड्डे दुपारी वाढतात. इथे शिकवणीची गरजच नाही. दुपारी त्याला घरात घ्या, नाहीतर सावलीत जमिनीपासून थोडी उंच अशी हवेशीर खाट आणि पाण्याचं पसरट भांडं ठेवा. फिरायला न्यायचं ते ऊन चढायच्या आधी आणि उतरल्यावर.

कुंपणाला लागून, फटीपाशी किंवा फाटकाखाली उकरत असेल तर त्याला पलीकडे जायचंय. पलीकडे काय आहे ते बघा: दुसरा कुत्रा, मांजर, खेळणारी मुलं, की कचऱ्याचा डबा. हा प्रकार सगळ्यात धोक्याचा, कारण नासधूस झालेला वाफा पुन्हा लावता येतो, रस्त्यावर गेलेलं पिल्लू परत येईलच असं नाही. कुंपणाची डागडुजी त्याच दिवशी करा.

एकाच जागी खोल खड्डा, किंवा एका ओळीत चार-पाच खड्डे, नाक मातीत खुपसलेलं, कान टवकारलेले आणि मधूनच थांबून ऐकणं: ही शिकार आहे. खाली उंदराचं किंवा घुशीचं बीळ असेल, नाहीतर हुमणीच्या अळ्या. अशा वेळी पिल्लाला दोष देऊन उपयोग नाही, त्याने तुम्हाला फुकटात बातमी दिलीय. बिळाचा बंदोबस्त करा, मात्र उंदराचं विष घालून नाही. ते विष पिल्लू थेट खाऊ शकतं किंवा विष खाल्लेला उंदीर खाऊ शकतं. पिंजरा लावा.

नुकतं लावलेलं रोप दुसऱ्या दिवशी मुळासकट बाहेर पडलेलं दिसतं, हा तर नवख्यांचा ठरलेला अनुभव. यात रोपावर राग वगैरे काही नसतो. माती ताजी, ओली, भुसभुशीत असते, तिला तुमच्या हातांचा वास असतो आणि बहुतेक वेळा खताचाही. शिवाय थोड्या वेळापूर्वी तुम्हीच तिथे बसून मजेत उकरत होतात. लागवड करताना पिल्लाला आत ठेवा आणि काम झाल्यावर ती जागा लगेच झाका.

खड्डे बागभर विखुरलेले, अर्धवट, मधेच सोडून दिलेले असतील, सोबत पळापळ आणि उड्या असतील, तर कंटाळा किंवा साठलेली ऊर्जा. आणि पिल्लू नेमकं खिडकीसमोर, तुमच्याकडे तिरका डोळा ठेवून उकरत असेल, तर त्याला एक गणित सुटलंय: माती उडवली की माणूस धावत बाहेर येतो. तुम्ही ओरडत आलात तरी त्याच्या लेखी तो खेळच.

हाड, चपला, अर्धी उरलेली पोळी असं काही पुरून ठेवणं हा आणखी एक साधा प्रकार. याला उपाय सरळ आहे. चघळायच्या वस्तू बागेत नेऊ द्यायच्या नाहीत, आणि संपल्या नाहीत तर उचलून ठेवायच्या.

पायरी २: विषारी आणि वासाळ वस्तू उचला

उकरणारं पिल्लू जे सापडेल ते तोंडात घालतं. दुधाचे दात पडून पक्के येण्याचा काळ साधारण तिसऱ्या महिन्यापासून सहाव्या-सातव्या महिन्यापर्यंत चालतो आणि तेव्हा तर हिरड्या शिवशिवत असतात. म्हणून बागेकडे जमिनीखालूनही बघायला हवं.

एरंडीची पेंड खत म्हणून वापरत असाल तर ती आजच बंद करा. तिच्यात रिसिन हे अत्यंत जहाल विष राहिलेलं असू शकतं, आणि वास मात्र कुत्र्याला ओढून घेणारा. उलट्या, रक्ताचे जुलाब अशी लक्षणं काही तासांनी किंवा त्याहून उशिरा दिसू शकतात, त्यामुळे पिल्लाने पेंड खाल्ल्याचा नुसता संशय आला तरी लक्षणांची वाट बघू नका. बोनमील विषारी नाही, पण हाडाचा भुगा म्हणजे कुत्र्याला आमंत्रणच. भरपूर खाल्लं तर पोटात त्याचा घट्ट गोळा होऊन अडकू शकतो. पिल्लू लहान आहे तोवर चांगलं कुजलेलं कंपोस्ट वापरा. कंपोस्टचा ढीगही झाकलेला हवा, कारण कुजणाऱ्या अन्नावरच्या काही बुरशींच्या विषाने कुत्र्याला झटके येतात.

गोगलगायी मारायच्या गोळ्यांत बहुधा मेटाल्डिहाइड हे विष असतं आणि त्या कुत्र्यांना चविष्ट लागतात. कोको बियांच्या टरफलांचं आच्छादनही नको, त्यात चॉकलेटमधलंच, कुत्र्यांना विषारी असलेलं थिओब्रोमीन असतं.

झाडांमध्ये मुळं, कंद आणि बिया आधी बघा. कळलावीचा कंद, डॅफोडिल आणि ट्युलिपचे कंद, सायकस (याच्या बिया सर्वांत घातक, यकृत निकामी करतात), कण्हेर आणि बिट्टी (दोन्ही हृदयावर परिणाम करतात) ही यादी लक्षात ठेवा. अळू आणि डिफेनबेकिया चावलं तर तोंडाची आग होऊन लाळ गळते. ही झाडं तोडायलाच हवीत असं नाही, पण पिल्लू जिथवर पोचतं तिथून ती हलवा, नाहीतर भक्कम कुंपणाआड ठेवा. जवळच्या व्हेटचा (प्राण्यांच्या डॉक्टरचा) आणि रात्री उघड्या असणाऱ्या दवाखान्याचा फोन नंबर आजच फोनमध्ये भरून ठेवा.

पायरी ३: उकरायची हक्काची जागा करा

माझ्या मते या सगळ्यातलं सर्वांत कामाचं पाऊल हेच, आणि लोक नेमकं हेच टाळतात. ‘खड्डे नको म्हणून खड्डा खणायचा?’ हो, तसंच. नुसतं ‘इथे नको’ शिकवणं फार अवघड आहे, कारण बागेत ‘इथे’ शंभर असतात. ‘तिथे कर’ हे मात्र पिल्लाला पटकन कळतं.

जागा अशी निवडा जिथे सावली आहे, पाणी साठत नाही आणि पिल्लू आपणहून जातं. बागेच्या कुठल्यातरी विसरलेल्या कोपऱ्यात खड्डा करून दिलात तर ते तुमच्या पायाशीच उकरेल. माप ठरवताना आजचं पिल्लू बघू नका, मोठं झाल्यावरचा कुत्रा डोळ्यांसमोर आणा. त्याला आत उभं राहून वळता आलं पाहिजे. लहान जातीला साधारण १ मीटर लांब-रुंद जागा पुरते, मोठ्या जातीला दीड मीटर तरी हवी. खोली ३० ते ४५ सेंटीमीटर. खालची माती मोकळी करून दगड, काचा, तारांचे तुकडे वेचून काढा. मग वाळू आणि माती मिसळून भरा. नुसती वाळूही चालते, उलट तिचे दोन फायदे: पाणी चटकन निथळतं, आणि तिचा पंजांना लागणारा स्पर्श वाफ्यातल्या मातीपेक्षा वेगळा असतो, त्यामुळे ‘ही माझी, ती यांची’ हा फरक पिल्लाला समजणं सोपं जातं. भोवती विटा, ओंडके किंवा फळ्या लावून कडा स्पष्ट करा. जमीन नसेल तर जाड प्लॅस्टिकचं मोठं पसरट टब घेऊन त्यात वाळू भरा. कुंड्या उकरणाऱ्या पिल्लाला तेवढंही पुष्कळ होतं.

माती किंवा वाळू कुठून आणता याकडे लक्ष द्या. पार्व्हो या पिल्लांच्या जीवघेण्या आजाराचा विषाणू मातीत कित्येक महिने टिकतो आणि जंतांची अंडी वर्षानुवर्षं. अनोळखी कुत्री जिथे वावरतात तिथली माती नको, विशेषतः लसींचा पहिला संच पूर्ण झाला नसेल तर. खड्डा वापरात नसताना ताडपत्रीने झाका, नाहीतर आसपासची मांजरं त्याचा संडास करतील.

आता खड्ड्याची ओळख करून द्यायची. पहिल्या दिवशी पिल्लाचं आवडतं खेळणं त्याच्या डोळ्यांदेखत अर्धं पुरा, अर्धं बाहेर दिसू द्या. त्याने ओढून काढलं की लगेच शाबासकी आणि खाऊ. शाबासकी दोन सेकंदांच्या आत मिळाली पाहिजे, उशीर झाला की ती कशाबद्दल हे त्याला जुळवता येत नाही. दोन-तीन वेळा जमलं की पूर्ण झाका, पण वरवर. मग थोडं खोल. मग त्याला आत ठेवून तुम्ही आधीच पुरून या आणि ‘शोध’ म्हणा. ‘शोध’, ‘खण’, ‘उकर’, शब्द कुठलाही घ्या, पण घरातल्या सगळ्यांनी तोच वापरा. आजोबांचा एक, ताईचा दुसरा असं झालं की पिल्लू दोन्ही सोडून देतं.

सुरुवातीचे काही आठवडे त्या जागेत रोज काहीतरी सापडलंच पाहिजे: एकदा दोरीचं खेळणं, एकदा चघळायची काडी, कधी मूठभर रोजचंच खाणं. पुढे कधी सापडतं, कधी नाही असं चालेल. उलट तसं केल्याने ओढ जास्त टिकते. वाफ्यात मात्र कधीही काही सापडता कामा नये. तिथे एकदा जरी जुनं हाड मिळालं तरी पिल्लू पुढचे कित्येक दिवस ती जागा तपासत राहील.

पायरी ४: लक्ष ठेवा आणि वेळेवर वळवा

बागेत पिल्लू एकटं सोडायचं नाही, निदान पहिले काही महिने. हे ऐकून बऱ्याच जणांचा चेहरा पडतो, पण याला सोपी वाट नाही. प्रत्येक एकांतातला खड्डा म्हणजे एक यशस्वी सराव, आणि तो मोडायला तुम्हाला दुप्पट वेळ घालावा लागतो. काम असेल तेव्हा पिल्लू घरात. बागेत असेल तेव्हा तुम्ही सोबत, आणि हार्नेसला (छातीभोवती बांधायच्या पट्ट्याला) ४-५ मीटरची हलकी दोरी. ती गळ्यातल्या पट्ट्याला नको, झटका बसला तर मानेला इजा होते. दोरी लावलेली असताना पिल्लू एक क्षणही नजरेआड करायचं नाही.

उकरण्याआधी पिल्लू हमखास काही खुणा देतं. एका जागी नाक घासत फिरतं, पुढच्या पंजाने एकदा-दोनदा चाचपतं. वळवायची वेळ तीच. आनंदी आवाजात हाक मारा, आलं की खाऊ द्या आणि त्याच्या खड्ड्याकडे घेऊन जा. उकरणं सुरू झालेलं असेल तर टाळी किंवा नुसतं ‘ए, इकडे!’ पुरतं. दोरी आहे म्हणून ओढत आणू नका, ती फक्त वाट अडवायला. हाकेला येणं आणि ‘सोड’ या दोन गोष्टी घरात, शांत खोलीत, ३ ते ५ मिनिटांच्या छोट्या सरावांतून आधी पक्क्या करा. बागेत एकदम अपेक्षा ठेवली तर वास जिंकतो.

तुमचं लक्ष वेधण्यासाठी उकरणाऱ्या पिल्लाचं तंत्र थोडं उलटं आहे. तिथे धावत जाणंच बंद करायचं, आणि शांतपणे खेळत असताना आपणहून जवळ जाऊन कौतुक करायचं. सुरुवातीला उकरणं वाढेल. बटण दाबूनही लिफ्ट येत नाही तेव्हा आपणही ते पुन्हा पुन्हा दाबतो, तसंच. त्या दिवसांत वाफे झाकून ठेवा आणि धीर धरा. नेमक्या त्याच वेळी हार मानून धावत गेलात तर पिल्लू शिकतं की जास्त जोर लावला की काम होतं.

जुना खड्डा दाखवून रागावण्यात काहीच अर्थ नाही. ‘पण त्याला कळतं हो, बघा कसा चोरासारखा चेहरा करतो!’ हे वाक्य प्रत्येक घरात ऐकू येतं. अलेक्झांड्रा हॉरोविट्झ या संशोधिकेने २००९ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही मालकांना मुद्दाम खोटं सांगण्यात आलं की त्यांच्या कुत्र्याने मनाई केलेला खाऊ खाल्ला. तो ‘अपराधी’ चेहरा मालकाच्या रागावण्याला दिलेली प्रतिक्रिया होती, खाऊ खरोखर खाल्ला होता की नाही याच्याशी त्याचा संबंध दिसला नाही. तुमच्या आवाजाला घाबरलेलं पिल्लू पुढच्या वेळी उकरणं थांबवत नाही, तुम्ही नसताना उकरतं. मग तर पकडणंही अवघड.

पायरी ५: वाफे राखा

शिकवणी चालू असताना झाडांना तात्पुरतं संरक्षण लागतंच. कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसली तारेची जाळी वाफ्यावर अंथरा आणि वर २-३ सेंटीमीटर माती पसरा. रोपं छिद्रांतून वर येतात, पंजे मात्र अडतात. कापलेल्या तारांची टोकं खाली वाकवायला विसरू नका, नाहीतर पंजा फाटेल. मोठ्या रोपांच्या बुंध्याभोवती पंजाने हलणार नाहीत असे चपटे दगड मांडा. कुंड्यांनाही हेच, पण बारीक खडे नकोत, पिल्लं ते गिळतात. नव्या वाफ्याभोवती गुडघाभर उंचीचं तात्पुरतं कुंपण लहान पिल्लाला पुरतं.

कुंपणाखालून पळणाऱ्यासाठी जाळी कुंपणाच्या तळाला बांधून ३० सेंटीमीटर खाली गाडा आणि तिचं खालचं टोक आतल्या बाजूला तेवढंच आडवं वळवा. पिल्लू कुंपणाला खेटून उकरतं, त्यामुळे ते दर वेळी जाळीवरच येतं.

नको त्या गोष्टींची यादी छोटी आहे, पण त्या सर्रास सुचवल्या जातात. मिरपूड किंवा तिखट टाकू नका, नाका-डोळ्यांची आग होते आणि पिल्लू पंजाने चोळून ती वाढवतं. डांबराच्या गोळ्या विषारी आहेत. कॉफीच्या चोथ्यात कॅफिन उरलेलं असतं. खड्ड्यात पाणी भरून पिल्लाचं तोंड बुडवणं हा तर निव्वळ क्रूरपणा. खड्ड्यात त्याचीच शी पुरायचा जुना उपाय काही पिल्लांवर चालतो, पण ती शेजारी दुसरा खड्डा करतात आणि जंतांचा धोका तुमच्या हातांना. मला तो पटत नाही.

पायरी ६: डोकं दमवा

नुसतं पळवून पिल्लू दमत नाही, आणि लहान वयात सांध्यांवर फार ताण द्यायचाही नसतो. नाक वापरायला लावणं जास्त दमवतं. एका वेळचं जेवण वाटीत देण्याऐवजी गवतात विखुरा, गुंडाळलेल्या टॉवेलमध्ये लपवा, पोकळ रबरी खेळण्यात भरून गोठवा. आणि झोपू द्या. पिल्लं दिवसाचे १८ ते २० तास झोपू शकतात, आणि झोप न झालेलं पिल्लू संध्याकाळी बागेत पिसाळल्यासारखं उकरतं. लोक त्याला ऊर्जा समजून आणखी खेळवतात.

साधारण सहाव्या महिन्यानंतर वयात येण्याचा काळ सुरू होतो आणि शिकलेलं सगळं विसरल्यासारखं वागतं. काही दिवस पुन्हा दोरी लावा, खड्ड्यात पुन्हा रोज काहीतरी पुरा. जाळ्या आणि कुंपणं एकदम काढू नका. महिनाभर एकाही वाफ्याला हात, म्हणजे पंजा, लागला नाही की एक वाफा उघडा, मग दुसरा.

व्हेटला कधी दाखवायचं

पिल्लू उकरण्यापेक्षा माती खाण्यातच रमत असेल तर जंत, रक्तक्षय किंवा पोटाची तक्रार असू शकते, तपासून घ्या. घरी कोणी नसताना दाराशी नखं रक्ताळेपर्यंत उकरत असेल, सोबत लाळ, रडणं, शू होत असेल, तर ती एकटेपणाची भीती आहे. तिथे वाळूचा खड्डा कामाचा नाही, व्हेट आणि दयाळू पद्धतीने शिकवणारा प्रशिक्षक लागतो. एरवीही उकरून आल्यावर पंजे धुऊन बोटांच्या मधली जागा बघा, लंगडत असेल तर लगेच दाखवा. जंतांचं औषध वेळेवर द्या आणि बागेत खेळलेल्या मुलांना साबणाने हात धुवायला लावा.

मादी पिल्लू असेल आणि पहिल्या माजानंतर दीड-दोन महिन्यांनी अचानक कोपऱ्यात उकरून खेळणी गोळा करायला लागली, तर तो खोट्या गरोदरपणाचा परिणाम असू शकतो. तिला ओरडू नका, घरात मऊ अंथरूण द्या. सड सुजलेले किंवा दूध सुटल्यासारखं दिसलं तर ते दाबून बघू नका, व्हेटकडे न्या.